चौथा स्वेटर

सोमवार, ७ जुलै

ही वही साळुंकीनं दिली. साळुंकी म्हणजे माझी नात. सकाळी डोळे उघडले की हिचं तोंड सुरू, म्हणून मी ठेवलेलं नाव. "आजी, तू दिवसभर मला जे सांगत असतेस ना, ते ह्यात लिहीत जा," म्हणाली. म्हणजे माझं ऐकून कान किटले, हे सरळ न सांगता वही हातात दिली. आईवर गेलीय.

मी तिसरीपर्यंत शिकलेली. पुढं धाकटी भावंडं सांभाळायची होती, मग कुठली शाळा. अक्षर वाकडं येतं, आणि जोडाक्षर आलं की मी थांबून त्याच्याकडे बघत बसते. पण वाचणार कोण आहे?

तर बातमी अशी, की आम्ही परदेशी चाललो. बाळला तिकडे मोठी नोकरी मिळाली. बाळ म्हणजे माझा मुलगा, केस पिकायला लागले तरी मला बाळच. मुलुख अगदी थंड, अर्धं वर्ष बर्फ. काल जेवताना त्यानं सांगितलं, "आई, आपण सगळ्यांनी जायचं." मी घास हातात धरून बसले आणि मग म्हटलं, "म्हणजे स्वेटर लागतील." सगळे हसले. सूनबाईसुद्धा हसली, आणि ती सहसा माझ्या बोलण्यावर हसत नाही.

मला तो मुलुख अगदीच परका नाही बरं का. संध्याकाळची माझी मालिका तिथलीच आहे. जुना काळ, दगडी बंगला, घोडागाडी, चुलीएवढी मोठी शेकोटी आणि त्यापुढं बसलेल्या बायका. ओठ त्यांच्या भाषेत हलतात, शब्द आपल्या भाषेत ऐकू येतात, पण सवय होते. एक बाईसाहेब आहेत, त्या जेवतानाच तेवढे हातमोजे काढतात. मी सूनबाईला म्हटलं, हातमोजेही विणावे लागणार आता. ती म्हणाली, "आई, तिकडं आता कोणी तसं राहत नाही हो." नसेल राहत. थंडी तर तीच असेल ना.

शुक्रवार, ११ जुलै

आज लोकर आणली. दुकानदार मला ओळखतो. मी आले की तो आधीच गल्ल्यावरून उठून उभा राहतो, कारण मी प्रत्येक लडी गालाला लावून बघते आणि त्याला ते बघवत नाही. बाळसाठी राखाडी घेतली, त्याला रंग म्हटला की धडकी भरते. सूनबाईसाठी जांभळी. साळुंकीनं पिवळी मागितली, पिकल्या लिंबासारखी. आणि माझ्यासाठी बाटलीहिरवी. आयुष्यात मी स्वतःसाठी नवी लोकर कधी घेतली नव्हती. उरलेल्या तुकड्यांतून माझं भागायचं. बाह्या एका रंगाच्या, पाठ दुसऱ्या, आणि घरातले म्हणायचे, आईला रंगांची हौस आहे.

माझा सगळ्यात शेवटी करायचा. आधी लेकरांचे.

विणताना गाणी लागतात मला. आमचे हे रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळं घरात सतत चार-पाच रेडिओ उघडे पडलेले आणि त्यातला एखादा गात असायचा. गाणं मध्येच बंद पडलं की हे ओरडायचे, "लागलं, लागलं," म्हणजे बिघाड सापडला. हे गेले, पण त्यांचा एक रेडिओ अजून चालतो. सावकाश गाणं असलं की माझे टाके सैल पडतात. म्हणून बाळच्या स्वेटरला मी जरा ठेक्याची गाणी लावते, त्याला अंगाबरोबर बसणारा आवडतो.

रविवार, २० जुलै

परवा मला डॉक्टरकडे नेलं. तिकडे जायचं तर तब्येत दाखवावी लागते म्हणे, सगळ्यांनाच. बाकीचे सकाळीच दाखवून आले होते, माझी पाळी शेवटी. लांब मानेचा एक तरुण डॉक्टर. छातीला नळी लावून ऐकत राहिला, ऐकत राहिला. मी म्हटलं, "काही गाणं लागलंय का आत?" तो हसला नाही. श्वास घ्या, सोडा, परत घ्या. मग फोटो काढला छातीचा. फोटोसाठी बांगड्या काढायला लावल्या आणि गार पत्र्याला चिकटून उभं केलं. अशा फोटोला केस विंचरून काय उपयोग, पण मी विंचरले.

नंतर बाळला एकट्याला आत बोलावलं. बराच वेळ. मी बाहेर समोरच्या बाईच्या बाळासाठी टोपडं कसं विणायचं ते तिला समजावून सांगत होते, त्यामुळं वेळ कळला नाही. बाळ बाहेर आला तो पाणी प्यायला गेला आणि परत येईना. मीच शोधून काढला, पाण्याच्या नळापाशी उभा होता, नळ वाहतोय आणि ह्याचं लक्ष नाही. मी म्हटलं, "काय रे, फोटो वाईट आला का माझा?" म्हणाला, "नाही आई. होईल सगळं नीट."

मला जिना चढताना मध्ये एकदा बसावं लागतं, एवढंच. ते तर कितीतरी दिवसांचं आहे. गाडीत त्यानं रेडिओ लावला नाही. दमला असेल. जायचं म्हणजे किती कामं.

मंगळवार, २९ जुलै

आमच्या बाळला काय झालंय कळत नाही. माझ्या खोलीत नवा टीव्ही आणून लावला. भिंतभर आहे. बाईसाहेबांच्या हातमोज्याची शिवणसुद्धा दिसते. आणि परवा त्यांनी पांघरलेली शाल यंत्रावर विणलेली आहे हेही दिसलं, काठ अगदी सरळ होता. माणसाच्या हाताला असा काठ येत नाही. जुन्या काळात यंत्रं होती की काय, साळुंकीला विचारायला हवं.

पण मी म्हणते, दोन महिन्यांत जायचं असताना भिंतभर टीव्ही कशाला? मी बोलले तसं. म्हटलं, "अरे, बरोबर थोडाच नेता येणार आहे? मग विकताना निम्मे तरी हातात येतील का?" तो वायर लावत खाली वाकलेला होता, तसाच म्हणाला, "असू दे आई. तुला नीट दिसेल."

टीव्हीपाठोपाठ खुर्चीही आली. मागे रेलली की पाय आपोआप वर येतात. पहिल्यांदा बसले तेव्हा मी किंचाळले आणि साळुंकी जमिनीवर लोळून हसली. मग गाण्यांची एक डबी आली, रेडिओसारखीच पण हातात मावणारी. ह्यांच्या काळातली सगळी गाणी तिच्यात भरलेली आहेत. म्हणजे आमच्या ह्यांनी जन्मभर दुकान मांडून जे केलं, ते सगळं एका डबीत. ह्यांना आवडलं नसतं. उघडून बघितल्याशिवाय राहिले नसते.

स्वयंपाकघरात बाळ आणि सूनबाई हळू आवाजात बोलत होते. मी गेले तशी सूनबाई म्हणाली, "आई, चहा टाकू?" नुकताच तर घेतला होता आम्ही.

माझा बाळ गुणाचा आहे. जायच्या आधीसुद्धा आईला सुखात ठेवतो.

बुधवार, ६ ऑगस्ट

दुपारी शाळेतून आली की साळुंकी मला वाचून दाखवते. जाडजूड पुस्तक आहे, फार जुनं, तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या की मोठं नावाजलेलं. एका पवनचक्कीवाल्याच्या दोन मुली, आणि वडील गेल्यावर चक्कीवरून भांडण. धाकटीचा नवरा चांगला नाही, हे मी पहिल्याच पानावर सांगितलं होतं. तो घरात आला की आधी बूट पुसतो आणि मग बायकोकडे बघतो. साळुंकी म्हणाली, "आजी, लेखकानं हे अजून सांगितलेलं नाही." म्हटलं, तो सावकाश सांगेल, त्याला पानं भरायची आहेत.

बाळचा राखाडी झाला. सूनबाईच्या जांभळ्याची पाठ झाली.

आज वाचता वाचता साळुंकी थांबली. म्हणाली, "आजी, तुला एकटीला वाचता येईल ना ग, पुढचं?" मी म्हटलं, "मला कशाला यायला हवं? तू आहेस की." तर म्हणे, "असंच. सवय कर. रोज एक पान." मग जोडाक्षरं समजावत बसली, माझं बोट धरून अक्षरावरून फिरवलं. नाक लाल झालं होतं तिचं. सर्दी झाली असणार. मी गरम पाणी प्यायला लावलं. पिवळा स्वेटर आधी घ्यायला हवा, हिला थंडी सोसायची नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

आज एक बाई आल्या होत्या. निळी पिशवी, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. सूनबाई म्हणाली, "आई, ह्या आता इथे राहतील." मला ते फार बरं वाटलं. घर बंद ठेवलं की घराला वास येतो. कोणी राहणारं असलं की खिडक्या उघडतात, नळ वाहता राहतो.

मग मी त्यांना सगळं घर फिरून दाखवलं. न्हाणीघराची कडी वर ओढून लावावी लागते. मागच्या खिडकीत एक मांजर येतं, त्याला दूध द्या किंवा देऊ नका, पण एकदा दिलं की रोज द्यावं लागेल. रेडिओवर पाण्याचा पेला ठेवायचा नाही. त्या नुसत्या मान हलवत होत्या. मग मला विचारायला लागल्या, तुम्ही अंघोळ एकट्या करता का, गोळ्या कुठे ठेवता, जिना उतरायला धरावं लागतं का. मला मौज वाटली. म्हटलं, "अहो, मी काय घराबरोबर मिळतेय म्हणून बघताय का मला?" आणि मी माझीच हसले.

बाईंनी सूनबाईकडे बघितलं. सूनबाई उशीचे अभ्रे काढत होती. अभ्रे परवाच बदलले होते.

जाताना मी त्यांना सांगितलं, "आमच्या मागं घर नीट ठेवा." त्या म्हणाल्या, "हो आजी." आवाज चांगला आहे त्यांचा. घर सांभाळतील.

गुरुवार, २८ ऑगस्ट

खालच्या शिंपीणबाईंकडे जाऊन बसले होते. त्यांचं यंत्र चालू असलं की मला करमतं. मी विणते, त्या शिवतात, आणि दोघी मिळून जगाचा समाचार घेतो. माझं तिकडचं पुराण चाललं होतं. म्हटलं, बर्फात चालायला काठीला खाली टोक बसवून घ्यावं लागेल. तिथं शेकोटी नसली तर मी बाळला बांधायला लावणार आहे. पवनचक्की दिसली की एकदा तिच्या आत जाऊन बघायची.

शिंपीणबाई म्हणाल्या, "काकू, तिकीट बघितलंत का तुमचं?"

म्हटलं, "तिकिटं सगळी बाळकडे. मला कशाला लागतंय, मी हरवीन."

"तरी बघा एकदा," म्हणाल्या, आणि यंत्राचं चाक हातानं धरून बसल्या. शिवायला घेईनात. मग म्हणाल्या, "तुम्ही इथे असलात की मला बरं वाटतं हो." मला कळलं. शेजार तुटणार म्हणून त्यांना वाईट वाटतंय. मी त्यांना माझी जुनी कात्री देऊन आले, चांगली आहे, तिकडे विमानात नेऊ देत नाहीत म्हणे.

वर येताना जिन्यावर दोनदा बसले. तिकीट बघा असं त्या का म्हणाल्या, हे डोक्यात राहिलंच. पण मग मालिका लागली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

तिघांचे स्वेटर झाले. काल सगळ्यांना घालून बघायला लावले, घामाघूम झाले बिचारे. साळुंकी पिवळ्यात उड्या मारत होती. सूनबाईनं आरशात बघितलं आणि म्हणाली, "आई, इतकं चांगलं मला कधी कोणी केलं नव्हतं." आणि पटकन काढून घडी करून ठेवला. आमच्या दोघींत असं बोलणं होत नाही. म्हटलं, "धुताना पिळू नकोस."

बाळच्या बाह्या थोड्या लांब झाल्या होत्या, म्हणून त्याला उभं करून परत माप घेतलं. लहानपणी घ्यायचे तसंच, हात लांब करायला लावून. तेव्हा तो वळवळायचा, आता अगदी पुतळ्यासारखा उभा. मी म्हटलं, "आता उद्यापासून माझा. बाटलीहिरवा. त्याला खिसे करणार आहे, एक गोळ्यांना आणि एक रुमालाला."

तो म्हणाला, "आई, तू दमतेस. राहू दे."

म्हटलं, "तिकडे मला बर्फात गोठवायची आहे का?"

तो बाहेर गेला. फोन आला असेल त्याला. मापाला घेतलेला लोकरीचा धागा त्याच्या हाताला गुंडाळलेला तसाच राहिला आणि दारापर्यंत ओढत गेला. मी मागून ओरडले तरी त्याला ऐकू आलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

आज नको.

मंगळवार, १६ सप्टेंबर

लिहिते आता.

रविवारी संध्याकाळी मी मालिका बघत होते. बाईसाहेबांचा मुलगा लढाईवरून परत येणार म्हणून दिवे लावले होते. बाळ आणि साळुंकी बाहेर गेले होते. सूनबाई आली, आणि तिनं टीव्ही बंद केला. असं तिनं कधी केलेलं नाही. मग माझ्यासमोर खाली बसली आणि माझ्या हातातल्या सुया धरल्या, विणकामासकट.

"आई, हा स्वेटर थांबवा."

म्हटलं, "का, माप चुकलं?"

"तुम्हाला तिकडे येता येत नाही. तुमची छाती बरी नाही निघाली. तिकडच्या लोकांनी परवाना द्यायला नाही म्हटलं, आणि डॉक्टरही म्हणाले, विमानाचा प्रवास सोसणार नाही."

मी विचारलं, "कधी कळलं?"

"तेव्हाच. डॉक्टरकडे नेलं होतं तेव्हाच."

मला ते नळापाशी उभं राहणं दिसलं. मी म्हटलं, "मग नोकरी?"

"इथली त्यांची सोडून झाली होती. आता तिथे न जाऊन चालत नाही. काम तीन वर्षांचं आहे. मध्ये येऊ आम्ही. त्या बाई तुमच्याबरोबर राहणार आहेत." तिचा आवाज फुटला. "ते रोज ठरवतात, आज सांगतो म्हणून. रोज संध्याकाळी घरी येतात तर तुम्ही हिरवी लोकर घेऊन बसलेल्या असता. माझ्यानं आता बघवत नाही. मी सांगते म्हटलं तर मला नको म्हणाले, मीच सांगीन म्हणाले."

आम्ही दोघी बसलो. तिच्या हातात माझ्या सुया आणि माझ्या हातात तिचे हात, असं काहीतरी झालं होतं. ही मुलगी आमच्याकडे आली तेव्हापासून मी हिच्याशी स्वयंपाकाखेरीज फारसं बोलले नाही, आणि घरात एवढे सगळे असताना मला खरं सांगायला हीच आली.

मग मी म्हटलं, "टीव्ही लाव. मुलगा परत आला का बघू दे." आणि म्हटलं, "मला कळलंय हे बाळला सांगू नकोस. तो सांगीन म्हणालाय ना, तर सांगू दे. माझा मुलगा आहे, सांगेल."

तिनं टीव्ही लावला. तोपर्यंत भाग संपला होता.

रविवार, २१ सप्टेंबर

विणतेच आहे. पाठ झाली, पुढचा भाग झाला, खिसेही केले. सूनबाई बघते.

मी बाळला रोज वाट करून देते. जिथून त्याला बोलायला सोपं जाईल अशी. काल म्हटलं, "काय रे, तिकडे माझी खोली कुठल्या बाजूला?" म्हणाला, "बघू आई, गेल्यावर ठरवू." आज म्हटलं, "माझ्या अंगात तेवढा दम आहे का रे, इतक्या लांब यायला?" ह्याहून सोपं मी काय विचारणार. आता फक्त "नाही" एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "तू ठणठणीत आहेस," आणि माझ्या पायांवर पांघरूण घातलं. पांघरूण लागत नव्हतं.

मी वाईटपणा करते आहे का? त्याच्या डोळ्यांसमोर हिरव्या लोकरीचा गुंडा नाचवते, हे बरं नाही, मला कळतं. पण दुसरं माझ्याकडे काय आहे? मी म्हणते, आता बाही राहिली, आता दुसरी राहिली, तोपर्यंत सांगेल.

साळुंकीला सगळं माहीत आहे. तिला वाटतं मला माहीत नाही. मी तिला रोज एक पान वाचून दाखवते. धाकटी मुलगी चक्की सोडून जाते त्या पानावर मी अडखळले, "निरोप" वाचून पुढं जोडाक्षर आलं. ते तिनं सांगितलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. इतकी मोठी मुलगी, खुर्चीत मावत नाही आम्ही दोघी, तरी. मी म्हटलं, "हे बघ, खाली वाकून बूट पुसणारा तो, शेवटी त्याचं काय होतं ते मी तुला फोनवर..." आणि थांबले. तिनं वर बघितलं. मी म्हटलं, "तुला शाळेत फोनवर ऐकायला मिळालं तर बघ." काहीतरीच बोलले. तिनं मानलं की नाही कोण जाणे. पुन्हा मांडीवर डोकं ठेवलं.

रविवार, २८ सप्टेंबर

स्वेटर झाला. गळ्याला दोन सुलट दोन उलट घातले, अंगाला छान धरतो. मी घातला आणि बाळच्या खोलीत गेले. तो बॅगा भरत होता. तीन बॅगा पलंगावर उघड्या.

नुसती उभी राहिले, हात लांब करून, माप द्यायला उभं राहतात तशी.

तो बघत राहिला. त्याचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता. आणि बरं वाटलं, की बघ, माझाच मुलगा.

तो म्हणाला, "छान झालाय आई. शोभतो तुला."

मी म्हटलं, "खिसेही केलेत." आणि परत आले. गाण्यांची डबी लावली. तीच गाणी आहेत, पण मध्येच खरखर होत नाही, त्यामुळं कोणी गातंय असं वाटत नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

उद्या निघतात.

दुपारभर बाळ घरात फिरत होता. माझ्या दारापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "आई, औषध घेतलंस?" परत यायचा, "आई, खिडकी लावू?" लहानपणी ताप चढला की व्हायचा, तसा चेहरा झाला होता. ओठ कोरडे. एकदा आत आला, खुर्चीपाशी खाली बसला, आणि खुर्चीच्या हातावरची शिवण नखानं उकरत राहिला. मी वाट बघितली. मालिका बंद केली, गाणी बंद केली. घर अगदी गप्प केलं त्याच्यासाठी. खाली शिंपीणबाईंचं यंत्रही थांबलं.

तो म्हणाला, "आई..." आणि त्याला पुढं येईना. त्याचे खांदे हलायला लागले.

मग मला ते बघवेना. मीच म्हटलं, "बाळ, ऐक. रागावणार नाहीस ना? मी नाही येत."

त्यानं मान वर केली.

"मला नाही यायचं," मी म्हटलं. "किती दिवस सांगीन सांगीन म्हणते, पण तुला वाईट वाटेल म्हणून धीर होत नव्हता. एवढी थंडी मला कुठली सोसते? माझी मालिका अर्धी राहिलीय, पुस्तक अर्धं राहिलंय. ही खुर्ची, ही गाणी, इतकं सगळं तू करून दिलंस, ते टाकून मी कुठं बर्फात येऊ? त्या निळ्या पिशवीच्या बाई आहेत ना, त्यांना म्हणावं राहा माझ्याबरोबर."

मला अजूनही वाटत होतं, की तो म्हणेल, नाही आई, असं नाहीये ते, मी सांगतो तुला. तो म्हणाला, "असं काय आई. आम्ही एवढं ठरवलं होतं." मी म्हटलं, "माझं मन बदललं." तो म्हणाला, "बघ हं, नीट विचार कर." मी म्हटलं, "केला." तो म्हणाला, "तू म्हणतेस तर... तुझ्या मनाविरुद्ध कसं नेणार."

आणि त्याचा चेहरा सुटला. घामेजलेल्या मुलाचा ताप उतरावा तसा. ते मी बघायला नको होतं. इतक्या वर्षांत त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं बघितलं, हे तेवढं राहू द्यायला हवं होतं.

सूनबाई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती आत आली नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

गेले.

गाडी खाली उभी होती. त्या बाई माझा हात धरून मला जिन्यावरून खाली घेऊन आल्या, मध्ये एकदा बसवलं. साळुंकी बोलली नाही, पहिल्यांदाच. मला बिलगली ती सोडेना, तिच्या आईनं सोडवली. सूनबाई खाली वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, तुम्ही हे का केलंत?" मी म्हटलं, "पिळू नकोस स्वेटर, नुसता दाबून पाणी काढ."

शिंपीणबाई दारात आल्या होत्या. बाळ त्यांच्याजवळ गेला, माझ्यावर लक्ष ठेवा म्हणून सांगायला. मग मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आम्ही किती म्हटलं हो, चल म्हणून. पण आईलाच नको होतं. शेवटी तिचं सुख."

शिंपीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. बघत राहिल्या, मी काय म्हणते म्हणून. बाळनंही वळून बघितलं. हसत होता. मोकळा, पूर्वीसारखा. मला वाटतं, एका रात्रीत त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

मी म्हटलं, "हो बाई. मलाच नको होतं."

गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता.

आता दुपार झाली आहे. त्या बाई स्वयंपाकघरात आहेत, भांड्यांचा आवाज येतोय. पुढच्या सुट्टीत ही मंडळी येतील, चारचौघांत विषय निघेल, आणि बाळ परत तसंच सांगेल. तेव्हा मी गडबडायला नको. ह्या वयात विसरायला होतं, काय झालं होतं आणि काय नव्हतं. म्हणून इथे नीट अक्षरात लिहून ठेवते.

त्यांनी मला खूप आग्रह केला. मीच नाही म्हटलं.